पट ९, आता शाळेचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. झेडपीची चौथीपर्यंतची शाळा आहे, मी तिथंच शिकलो, तेव्हा ४० तरी पोरं होती, आता पट ९. खिचडीला मावशी ९०० ग्रॅम तांदूळ मोजून घेतात आणि एवढंसं पातेलं चढवतात, बघून कसंतरी होतं. माझा मुलगा दुसरीत, वर्गात तो आणि अजून एक मुलगी, बास. सकाळी फाट्यावर इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी हॉर्न मारते, वाडीतली ५ पोरं तिच्यात जातात. लोक म्हणत्यात शाळा बंद होणार. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. खरंच बंद करतात का, आणि पोराला गाडीत बसवू का?

उत्तर : भाऊ, भीती उगाच नाही. २०१७ ला राज्यात १० च्या आतल्या पटाच्या १३१४ शाळा बंद करायचं निघालं होतं, मग २०२३ ला २० च्या आतल्यांसाठी समूहशाळेचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत मिळवायचे, प्रस्ताव मागवले, पुण्याजवळच्या पानशेतच्या अशाच शाळेचं उदाहरण पुढं करून. पण पारावरच्या बोलण्यानं कुलूप पडत नाही, त्याला कागद लागतो. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना, गाठा आणि लेखी काही आलंय का ते विचारा. समितीच्या ठरावात नुसता १ किलोमीटरच्या आत शाळा हवी हा नियम लिहून भागत नाही, पुढची शाळा किती लांब, मधे ओढा आहे का, पावसात साकव पाण्याखाली जातो का, ते सगळं लिहा.

मोर्चा नंतर काढा, आधी अंगणवाडी ताईंची वही उघडा. ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण होणारी किती, त्यांच्या मागं कोण, येत्या ३ वर्षांत पहिलीला किती येणार हे त्यात आजच दिसतं. ८ येणार असतील तर तोच तुमचा मुद्दा, आणि एकच येणार असेल तर गाडीला शिव्या देऊन काय होणार, वाडीच रिकामी झालीय. पाटण-जावळीचा माणूस पूर्वी माथाडीच्या कामाला एकटा मुंबईला जायचा, बायकापोरं गावाकडं असायची, आता बिऱ्हाडच कोपरखैरण्याला.

अजून एक, संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलेलीच पोरं मोजतात. मी शिकवत असताना २ पोरं रोज समोर बसायची, पण आधारवर जन्मतारीख चुकलेली म्हणून कागदावर नव्हतीच, शेवटी जून-जुलैत आम्हीच पालकांना घेऊन तालुक्याला हेलपाटे घातले. तुमच्या ९ जणांचं आजच तपासा.

राहिला मुलगा. एके दिवशी सकाळी वर्गात मागं जाऊन बसा, मास्तर एकटे चार वर्ग कसे सांभाळतात ते बघा, ते मीटिंगला गेले की पोरं काय करतात तेही बघा. पोराला न शिकवलेला धडा वाचायला लावा, मग गाडीत जाणाऱ्या त्याच्या वयाच्या पोराला मराठी आणि इंग्लिश दोन्ही वाचायला लावा. टाय बघून ठरवू नका! माझं म्हणाल तर वाचता येत असेल तर चौथीपर्यंत ठेवा. तोटा आहेच, ९ पोरांत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत.

तुमचा गेला की दुसरीत ती मुलगी एकटी. ते ओझं तुमच्यावर टाकत नाही, पण ठरवायच्या आधी तिच्या आईशी बोलून घ्या, ती पण बहुतेक तुमच्याकडंच बघत बसलीय.