मुलगा ट्रकवर जायचं म्हणतोय, काय करू?

"ताई, मुलगा ट्रकवर जायचं म्हणतोय, त्याला जरा समजवा." इंदूरला समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आई बोलायला लागली की पुढचं मला कळतंच, ड्रायव्हर म्हणजे दारू, ड्रायव्हर म्हणजे बाहेरचे नाद, आणि मग अगदी हळू आवाजात, मुलगी कोण देणार. आज त्यातलीच एक गोष्ट सांगते, दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा 22 वर्षांचा, बीकॉम झालेला, काकांचं सियागंजात दुकान आहे त्याचा माल छोटा हाथी टेम्पोवर पोचवायचा. आजोबा मिलमधे होते, मिल बंद पडली, तेव्हापासून त्या घरात पक्की नोकरी म्हणजे देव्हाऱ्यातली गोष्ट. आणि हा बँकेच्या परीक्षा दोनदा देऊन आता म्हणतो मला मोठी गाडी चालवायचीय. आई बोलत होती आणि तो खाली मान घालून चावीशी खेळत होता. मी म्हटलं, काकू तुम्ही जरा बाहेर बसा, चहा घ्या, मला याच्याशी एकट्याशी बोलू दे.

त्याला कागद दिला. म्हटलं ट्रक ड्रायव्हरचा एक दिवस लिही, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्याने काय लिहिलं, तर हायवे, ढाबा, मुंबई, गाणी. मी विचारलं, गाडी भरेपर्यंत काय करतात? इथे जवळच पीथमपूरला, कारखान्यांच्या भागात, कंपनीच्या गेटबाहेर कधीकधी रात्रभर नंबर लागत नाही, तेव्हा झोपतात कुठे, अंघोळ कुठे? त्याला माहीतच नव्हतं. यात त्याची चूक नाही हो, कोणी सांगतच नाही. घरचे फक्त नको म्हणतात आणि मित्र फक्त लय भारी म्हणतात, काम काय असतं ते दोघांच्याही बोलण्यात नसतं.

म्हणून मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हटलं आधी एक फेरी बघून ये. काकांच्या ओळखीचे एक वयस्कर ड्रायव्हर होते, चांगले, निर्व्यसनी, त्यांच्याबरोबर नुसतं शेजारी बसून धुळ्यापर्यंत जाऊन यायचं, स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

आठ दिवसांनी आला तो वेगळाच मुलगा होता. बोलायचा थांबेना. ट्रान्सपोर्ट नगरला सकाळी उस्तादांनी, म्हणजे त्या वयस्कर ड्रायव्हरनी, त्याच्या हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, दिली आणि सांगितलं, प्रत्येक चाक ठोक. मागे जोडचाकं असतात ना, त्यातलं आतलं हवा जाऊन बसलेलं असलं तरी बाहेरून दिसत नाही, बाहेरचं त्याला धरून ठेवतं. हवा नीट असेल तर टॉमी टण्णकन उडते, कमी असेल तर थप्प आवाज येतो आणि हात तिथेच बसतो. उस्ताद म्हणाले, "पहले कान से देख, आँख से बाद में." मग गाडी चालू करून बसून राहिले, हवेच्या प्रेशरचा काटा वर येईपर्यंत गाडी हलवलीच नाही, कारण मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. पुढे मानपूर सोडल्यावर गणेश घाट, जिथे ब्रेक फेल होऊन इतके अपघात झाले की नवा रस्ता काढावा लागला, तिथे उस्तादांनी उतार लागायच्या आधीच गिअर खाली घेतला आणि सांगितलं की ज्या गिअरमधे चढशील त्याच गिअरमधे उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात ते ब्रेक तापवून मरतात. हे सगळं तो मला हातवारे करून सांगत होता, आणि मला खरंच वाटलं की याला हे काम मनापासून आवडतंय.

पण मग गप्प झाला. मी पण गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, बिजासन घाट उतरलो, रात्रीचे तीन वाजले असतील, मी जागा राहायचं ठरवलेलं, आणि मला कळलंच नाही मी कधी झोपलो. तेव्हा स्टेअरिंगवर मी असतो तर?"

बघा, आई दारूची काळजी घेऊन आली होती आणि मुलगा झोपेची. त्याची भीती जास्त खरी होती. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोपच मागतं, त्यात धाडस वगैरे काही नसतं. ताशी 60 ने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर 65 मीटरच्या वर गाडी कोणी न चालवता गेली. काच खाली करून, गाणी मोठी लावून, तोंडावर पाणी मारून ही झोप जात नाही, गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपलं तरच थोडी जाते. आणि आपल्या माळव्यात अजून एक गोष्ट आहे जी स्पष्ट बोलायला हवी, डोडाचुरा. कोणीतरी म्हणतं चहात टाक, थकवा येणार नाही. तो अफूच्या बोंडाचा चुरा आहे, सवय लागते आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली तो जवळ सापडणं हाही गुन्हा आहे. त्याला मी सांगितलं, कोणी दिला तर त्या गाडीवर दुसऱ्या दिवशी जायचं नाही, मालक कितीही चांगला असो.

तेव्हा माझं सांगणं असं की पहिलं वर्ष पगार बघून निवडायचं नाही, झोप बघून निवडायचं. लांबच्या फेरीला पैसे जास्त दिसतात म्हणून नवीन मुलं थेट तिथे जातात आणि पहिल्या सहा महिन्यांतच एकतर घाबरून सोडतात नाहीतर काहीतरी होऊन बसतं. इंदूर, देवास, पीथमपूर एवढ्यातच दिवसाच्या फेऱ्या भरपूर आहेत, आयशरचे ट्रक तर पीथमपूरलाच बनतात, 14 फुटी, 19 फुटी अशा मधल्या गाड्यांवर सुरुवात करावी, रात्री घरी यावं. मोठ्या कंपन्या हेवी, म्हणजे जड गाडीचा, दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि मुलं म्हणतात गाडीशिवाय अनुभव कुठून आणू, तर तो इथूनच येतो. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला 8 तास आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती, म्हणजे झोप मागणं हे काही लाड नाहीत, मालकाशी पहिल्या दिवशीच बोलायची गोष्ट आहे. त्याच बैठकीत हे पण विचारायचं की खुराकी, म्हणजे वाटेतल्या जेवणाचे पैसे, किती, चलान आणि पंक्चर कोणाच्या खिशातून, ओव्हरलोड भरायला लावणार का. आणि ओरिजिनल लायसन्स मालकाकडे ठेवायला द्यायचं नाही.

लायसन्सचं थोडक्यात. ट्रान्सपोर्टच्या लर्निंगला वय 20 पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं लागतं, ते याच्याकडे होतं. आठवी पासची अट 2019 मधे गेली. डॉक्टरचा फॉर्म 1ए लागतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5. फी भरायच्या आधी डोळे आणि रंग ओळखायची तपासणी करून घ्या, नंतर कळलं तर पैसे पण जातात आणि मन पण मोडतं. एका एजंटने याला सांगितलं होतं की शिकायची गरज नाही, कागद मी आणून देतो. मी म्हटलं, कागद तो देईल, उतारावर ब्रेक कोण देईल?

आता काकू. त्यांच्याशी मी दोनदा वेगळं बोलले. पहिल्यांदा नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा विचारलं की काकू, तुम्हाला भीती वाटते की लाज वाटते, दोन्ही चालेल पण वेगळं वेगळं सांगा. त्या बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "लाज. भिशीतल्या बायकांना काय सांगू, बीकॉम करून ट्रक?" मी त्यांना रागावले नाही, त्यांच्या जागी मला पण वाटलं असतं. मी त्यांना योगिता रघुवंशींबद्दल सांगितलं, नंदुरबारच्या, वकिलीचं शिक्षण झालेल्या, नवरा गेल्यावर मुलं वाढवायला भोपाळहून ट्रक चालवायला लागल्या. काकू म्हणाल्या, तिची मजबुरी होती, माझ्या मुलाची नाही. ते पण बरोबरच होतं, मी वाद घातला नाही. मग एवढंच म्हटलं की निदान उस्तादांना एकदा घरी जेवायला बोलवा, ज्याच्या शेजारी मुलगा बसणार तो माणूस बघून तर घ्या. त्यांनी बोलावलं. पुरणपोळी केली होती म्हणे.

आता त्याला 19 फुटीवर अकरा महिने झाले, दिवसाच्या फेऱ्या, रात्री घरी. लग्नाचं अजून काही नाही, भिशीत काय सांगतात ते पण मी विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, मालक पुढच्या महिन्यात त्याला उस्तादांबरोबर जोडीने नाशिकला पाठवणार आहे, दोन ड्रायव्हर, आलटून पालटून. मला वाटलं परत सुरू होणार. तर त्या विचारत होत्या की दोन दिवस टिकेल असं डब्यात काय द्यावं. मी म्हटलं दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्या, आणि उस्तादांसाठी पण जरा जास्त बांधा.