शब्द पाठ आहेत, पण बोलताना मी मुकी होते

‘इंग्रजी येतं. परीक्षा पास झालेय. बातम्या कळतात, पुस्तकं वाचते. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की चौथीतल्या मुलीसारखी बोलते. अवघड शब्द आणि वाक्प्रचार पाठ करते, ते वेळेवर तोंडात येत नाहीत, आणि आलेच तर लोक हसतात. आता या वयात हे जमायचंच नाही का?’

शब्द थोडेफार बदलतात, पण हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. मी पश्चिम लंडनमध्ये समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत पोलिश माणसं बरीच असतात. 1 मे 2004 ला पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटननं त्यांना नोकरीची दारं लगेच उघडली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 6 लाख 12 हजार लोकांनी आपली मुख्य भाषा पोलिश असल्याचं नोंदवलं. इंग्रजीनंतर सगळ्यात मोठा आकडा हाच. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चाळिशीच्या उंबरठ्यावरची. पोलंडमध्ये अकाउंटन्सी शिकलेली. इथे आल्यावर आधी गोदामात खोकी भरली, मग संध्याकाळचे वर्ग, परीक्षा, आणि आता एका कंपनीत पगारविभाग सांभाळते. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मला ‘मॅडम’ म्हणत होती. नावानं हाक मारा म्हटलं तर आणखीच अवघडली. पोलिशमध्ये अनोळखी बाईला ‘पानी’ म्हणून आदरानं संबोधतात, आपल्या ‘बाई’सारखं, एकेरीवर यायला तिथे वेळ जावा लागतो. मग मीच म्हटलं, मी कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेली तुमची सुमारे पाच हजार माणसं आमच्या गावाशेजारी वळिवड्याला राहून गेली, 1943 ते 48. ती खुर्चीत मागे टेकली. ‘म्हणजे तुमच्या लोकांनी आमची भाषा ऐकली आहे,’ म्हणाली. एवढं पुरलं.

दुसऱ्या भेटीत तिनं वही आणली. पोलिश शाळांत असते तशी चौकटीची वही. पानावर तीन रकाने: इंग्रजी शब्द, पोलिश अर्थ, आणि पाठ झाला की हिरवी खूण. रोज वीस शब्द, दोन वर्षं. अक्षर मोत्यासारखं. ‘युबिक्विटस’, ‘सेरेंडिपिटी’, आणि वाक्प्रचारांची वेगळी पानं. मी विचारलं, ‘यातला कुठला शब्द गेल्या आठवड्यात तुम्हाला हवा होता?’ तिनं पानं उलटली. पुन्हा उलटली. एकही नव्हता.

‘मग गेल्या काही महिन्यांत काय बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही?’

आता मात्र तिचे डोळे भरले. मुलगी अकरा वर्षांची, तिच्या शाळेत पालकसभा होती. शिक्षिका हसून म्हणाल्या, ‘शी हॅज कम ऑन इन लीप्स अँड बाउंड्स.’ हिला लीप म्हणजे उडी माहीत होतं. ‘आउट ऑफ बाउंड्स’ म्हणजे मर्यादेबाहेर, हेही वहीत हिरव्या खुणेसह होतं. तिनं अर्थ लावला: मुलगी उड्या मारते, मर्यादा सोडून वागते. शिक्षिका हसत होत्या ते इंग्रजांचं सौजन्य असणार. ही मान हलवत राहिली, आभार मानून घरी आली आणि मुलीला फैलावर घेतलं. पोर रडत झोपली. खरा अर्थ, मुलीनं झपाट्यानं प्रगती केलीय, हा तिला चार दिवसांनी नवऱ्यानं शोधून सांगितला.

हे ऐकताना मला वहीचा राग आला, हे लपवत नाही. वहीतले दोन्ही शब्द बरोबर होते. चूक एवढीच झाली की त्या क्षणी तिला विचारता आलं नाही. आणि विचारता आलं नाही कारण दोन वर्षं ती ‘मला येतं’ हे सिद्ध करायला शब्द गोळा करत होती. ज्याला सिद्ध करायचंय तो विचारत नाही.

ऑफिसातही तेच. पाऊस कोसळत होता म्हणून तिनं हौसेनं ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हटलं. एक तरुण सहकारी म्हणाला, ‘माझी आजी असं म्हणते.’ तो प्रेमानंच म्हणाला असेल, पण त्या दिवसापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं. साहेबांनी अहवाल ‘क्वाइट गुड’ म्हटला तेव्हा ती खूश झाली होती. ब्रिटिशांच्या तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ एवढाच, हे कळल्यावर ओशाळली. एकदा शनिवारच्या कामाबद्दल तिनं ‘आय कॅन इव्हेंच्युअली कम’ असं लिहिलं. पोलिश ‘एवेन्तुआल्न्ये’ म्हणजे जमलं तर. इंग्रजीत त्याचा अर्थ शेवटी, उशिरा का होईना. सगळे तिची वाट बघत बसले. आणि कुणीतरी कौतुकानं तिला जोसेफ कॉनराडचा दाखला दिला: तो पोलिश, विशीत इंग्रजी शिकला आणि मोठा इंग्रजी लेखक झाला! तिला ते ओझंच वाटलं. मी तिला सांगितलं की कॉनराडच्या बोलण्यातला पोलिश हेल आयुष्यभर गेला नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तीन महिने जे केलं त्यात थोर असं काही नाही. वही बंद केली नाही, फक्त रकाने बदलले. आता लिहायचं ते असं: कोण बोललं, कुणाशी, तेव्हा चेहरा कसा होता, आणि माझा अंदाज काय. हिरव्या खुणेची अट कडक केली. एखादा वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकल्याशिवाय आपण वापरायचा नाही. तोवर तो फक्त समजण्यासाठी. समजण्याचा साठा मोठा आणि बोलण्याचा लहान, हे आपल्या मायबोलीतही असतंच. मला कितीतरी जुन्या म्हणी कळतात, मी त्या बोलत नाही; त्यात कमीपणा कसला? ही गोष्ट तिला पटायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. जे कळतं ते वापरलं नाही तर वाया गेलं, असा तिचा हिशोबी स्वभाव.

पावसाचं बघा. तीन तोंडांच्या नियमानं तिच्या वहीत आलं ‘इट्स बकेटिंग डाऊन’. ती एकदम म्हणाली, पोलिशमध्ये आम्ही हेच म्हणतो, ‘लेये याक स् त्सेब्रा’, बादलीनं ओतल्यासारखा पडतोय! दोन वर्षं परकी मांजरं-कुत्री घोकली, आणि घरचाच वाक्प्रचार इंग्रजीत उभा होता.

तिथून वाट सापडली. मी म्हटलं, तुमच्या म्हणी मला सांगा. तिनं सांगितलं, ‘मुश्तार्दा पो ओब्येद्ये’, जेवणानंतर मोहरीची चटणी. मी म्हटलं, आमच्याकडे वरातीमागून घोडं. सुईचं दाताळं करणं त्यांच्याकडे आहे, आपण राईचा पर्वत करतो. पावसातून पन्हळीखाली, आपण आगीतून फुफाट्यात. त्या तासात ती जितकं बोलली तितकं आधीच्या सगळ्या भेटींत मिळून बोलली नव्हती, आणि इंग्रजीतच बोलली. पोलिशमध्ये ही बाई मिश्कील आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजीत आल्यावर तिचा तो मिश्कीलपणाच हरवला होता, आणि तिचं खरं दुःख ते होतं. पुढच्या आठवड्यात तिनं ऑफिसात धीर करून आपल्या म्हणीचं सरळ भाषांतर ठोकलं: ‘नॉट माय सर्कस, नॉट माय मंकीज’, म्हणजे ही भानगड माझी नव्हे. सहकारी म्हणाली, ‘अगं, हे तर आम्हीही म्हणतो!’ ती पोलिश म्हण इंग्रजीत कधीच रुजली आहे. हिला पत्ताच नव्हता.

‘पुट’ला शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांचा तिला धसका होता. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट डाऊन म्हणजे कमी लेखणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं. याला काही तर्क आहे का, म्हणून चिडायची. मी तिला ‘हार’ सांगितलं: आहार, विहार, प्रहार, संहार. पुढचं अक्षर बदललं की जेवणापासून विनाशापर्यंत पोचतो. ती हसली आणि कागदावर लिहीत गेली: ‘पिसाच’ म्हणजे लिहिणं, ‘झापिसाच’ नोंदवणं, ‘पोत्पिसाच’ सही करणं, ‘प्शेपिसाच’ उतरवून काढणं. ‘म्हणजे इंग्रजांनी उपसर्ग मागे नेऊन लावलाय!’ व्याकरणाच्या दृष्टीनं हे अगदी काटेकोर नाही, पण भीती जायला पुरेसं आहे. मराठी वाचकांनीही वापरून बघावं.

आणि एक वाक्य आम्ही रोज घोकलं, खऱ्या अर्थानं घोकलं: ‘दॅट्स अ न्यू वन ऑन मी. व्हॉट डझ इट मीन?’ हे मी नव्यानंच ऐकतेय, याचा अर्थ काय? हाही एक वाक्प्रचारच आहे, त्यामुळे विचारणारी अडाणी वाटत नाही, उलट भाषेत मुरलेली वाटते. पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज कापला. आरशासमोर, मग माझ्यासमोर, मग किराणा दुकानात.

जूनमधल्या पालकसभेत शिक्षिका मुलीबद्दल म्हणाल्या, ‘शी टुक इट इन हर स्ट्राइड.’ हिनं ते वाक्य म्हटलं. शिक्षिका क्षणभर थांबल्या, समजावताना स्वतःच अडखळल्या, मग म्हणाल्या, ‘न डगमगता, सहज पार पाडलं.’ मुलगी शेजारीच बसली होती. घरी जाताना बसमध्ये तिनं आईला विचारलं, याला पोलिशमध्ये काय म्हणायचं? दोघींना नेमका शब्द सापडेना. पण त्या रात्री मुलीवर विनाकारण रागावल्याची माफी आईनं त्याच बसमध्ये मागितली, पोलिशमध्ये.

फोनवर मात्र ती अजून अडखळते. समोरचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे वहीतला तो रकाना रिकामा राहतो. बँकेचा फोन आला की नवऱ्याच्या हातात देते. पुढचे काही आठवडे आम्ही त्यावर काम करणार आहोत. ती शेजारच्या खोलीत बसेल आणि मी इथून फोन लावेन.