सोलापुरात कॉलनीच्या मोकळ्या जागेवर बाग करायची आहे, कोणतं लॉन टिकेल?

तुम्ही लिहिलंय की कॉलनीची १० गुंठे मोकळी जागा आहे, निधी मंजूर झालाय आणि आराखड्यात अर्ध्या जागेवर लॉन, मध्ये कारंजं, कडेनं पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि शोभेची झाडं दाखवलीत. कोणतं लॉन लावावं आणि खर्च किती येईल, हे तुम्हाला हवंय.

लॉन लावूच नका. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज किमान ६ मिलिमीटर लागतं. ५ गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर, म्हणजे रोजचे ३,००० लिटर. १० हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत संपतो. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, नळाला रोज सुटत नाही, आणि ते गवतावर ओतायचं? निधी बांधकामाला मिळतो, टँकरला मिळत नाही. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपली की पहिला उन्हाळा लॉन खातो.

असाच आराखडा आमच्या शेजारच्या कॉलनीत झाला. त्याचं पुढं काय झालं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडेही हेच व्हायचं आहे. जागा जुनी काळ्या मातीची, वर बांधकामाचा राडारोडा. तो न उचलता त्यावर सहा इंच माती टाकली आणि लॉनचे तुकडे अंथरले. मुळं खाली विटा-सिमेंटला टेकली, तिथंच थांबली. मार्चपासून गवत पट्ट्यापट्ट्यानं पिवळं पडलं. पेव्हर ब्लॉक थेट काळ्या मातीवर बसवलेले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर्षभरात ट्रॅक लाटांसारखा उचलला आणि म्हातारी माणसं ठेचकाळायला लागली. झाडं लावली ती फूटभर खड्ड्यात. वाळलेलं एक रोप मी उपटून पाहिलं तर काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच अंगावर! मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून सुतळीच्या गुंड्यासारखी झालेली, बाहेर एकही आलेलं नाही. उद्घाटनाच्या घाईत पिशवी फाडायचंच राहिलं होतं.

त्या कॉलनीच्या बैठकीत कडुनिंब लावा म्हटलं की एकच उत्तर यायचं, ‘पाला पडतो, कचरा होतो.’ कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि एप्रिलच्या उन्हाला नवी पालवी तयार असते, म्हणजे सावली नेमकी हवी तेव्हा मिळते. गळलेला पाला झाडांच्याच आळ्यात चार-सहा इंच पसरायचा, खोडापासून वीतभर लांब. उरला तर कोपऱ्यात ४ × ४ फुटांचा, अडीच फूट खोल खड्डा काढून त्यात टाकायचा. त्याला कचरा म्हणून पेटवणाऱ्यांना बागेची समितीच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता झाडांचं. १० गुंठ्यांत २५ फुटांवर एक धरलं तर सतरा मोठी झाडं बसतात. ट्रॅक आणि खेळायची जागा सोडून चौदा धरा. कडुनिंब, करंज, चिंच, मधे दोन-तीन बहावे. वड-पिंपळाला ४० फूट सोडता येत असतील तर एखादाच. गुलमोहर नको, त्याची मुळं वरच्यावर असतात आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून बाकांवर पडतात. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

खड्डा ३ × ३ × ३ फूट, एप्रिल-मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. खाली मुरूम घट्ट असतो, म्हणून खड्डा पाण्यानं भरून पाहा. २४ तासांनी पाणी तसंच उभं असेल तर तळाला पहारीनं आणखी फूटभर भोक पाडून त्यात दगडगोटे भरा. हे टाळलं तर आपला सप्टेंबरचा मोठा पाऊस खड्ड्यात साचतो आणि चांगलं धरलेलं झाड मुळाशी कुजतं. लोक म्हणतात पाण्यावाचून गेलं, जातं मात्र पाण्यानंच. भरताना निम्मी काळी माती, निम्मा मुरूम, तीन घमेली पूर्ण कुजलेलं खत आणि किलोभर निंबोळी पेंड घाला. कच्चं शेण अजिबात नको, त्यावर वाळवी येते. भरलेली माती दबते, म्हणून पाणी देऊन ती बसू द्या आणि मगच रोप लावा.

रोप पाच-सहा फुटी घ्या, पिशवी फाडा, तळाची गोल फिरलेली मुळं कात्रीनं छाटा. जूनच्या पहिल्या सरीला भुलू नका, मधे लांब उघडीप पडते. दोन चांगले पाऊस होऊन ओल एक फूट खाली गेली की लावा, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत. बांबूला सुती कापडानं सैल बांधा. तार बांधली की सालीत रुतते. शेळ्यांसाठी जाळी लागतेच, पण तिसऱ्या वर्षी ती काढायची आठवण लिहून ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा २५ लिटर. चौदा झाडांचे आठवड्याला ७०० लिटर झाले. लॉनचे आठवड्याचे २१,००० शेजारी लिहा आणि तो कागद बैठकीत ठेवा. पाणी देताना दोन इंची पाइपचा दोन फुटी तुकडा मुळाशी तिरका गाडून त्यातून द्या, म्हणजे ते खाली जातं. मडकं पुरायची पद्धत चांगली आहे, पण बोअरचं पाणी जड असेल तर मडक्याची छिद्रं हंगामभरात बुजतात. आळं दरवर्षी रुंद करा, मुळं बाहेर पसरतात, खोडाशी पाणी ओतून उपयोग नाही.

ट्रॅकसाठी काळी माती दीड फूट काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबा, मध्यभाग थोडा उंच ठेवा. गुडघ्यांनाही तो बरा. घसरगुंडी लोखंडी असेल तर तोंड उत्तरेला करा आणि पश्चिमेला करंज लावा, नाहीतर मेमध्ये संध्याकाळी सहापर्यंत मुलं तिला हात लावत नाहीत.

हिरवळ हवीच असेल तर पावसाच्या तोंडावर मारवेल आणि पवन्या ही आपल्या माळाची गवतं पेरा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पाहा, पावसाळ्यात हिरवं आणि नंतर सोनेरी होणारं गवत कुणी पाणी न घालता उभं असतं. कुसळी मात्र ट्रॅकजवळ नको, कपड्यांत घुसते. याच्याच जोडीला सांगतो, ‘वृक्षारोपण’ म्हणून नान्नजकडच्या उघड्या माळावर झाडं लावायला जाऊ नका. काळवीट आणि धाविक, पखुर्डी या माळावरच्या पक्ष्यांना ते उघडं गवतच लागतं. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे सांगून माझा घसा बसलाय.

तुमच्याकडे भरपूर पाण्याची बोअर असेल किंवा सांडपाणी शुद्ध करून मिळत असेल, तर लहान मुलांसाठी एक गुंठा लॉन ठेवा, आणि तेही साध्या हरळीचं. मातीवर क्षारांची पांढरी खपली धरत असेल तर आधी पाणी तपासून घ्या. जागेवर आत्ता एखादं झाड उभं असेल तर महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदीही तोडू नका, १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. खर्चाचं म्हणाल तर कारंजं आणि लॉन रद्द करून सुधारित अंदाजपत्रक मागा, आणि वाचलेल्या पैशातून तीन उन्हाळ्यांच्या माळ्याचा पगार आधी बाजूला काढायला लावा.