फाटा आला की मागे वळून बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तू सुखरूप परतलास एवढंच डोळ्यांत भरलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडले आणि तिथे मला रागच आला. 'मला दिशेची जाणच नाही बहुतेक, असल्या वाटा माझ्यासाठी नाहीत.' हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. जे तू पाहिलंच नव्हतंस ते तुला ओळखता आलं नाही, एवढंच घडलंय. त्यात जाण-बिण कुठे आली?

तू म्हणतोस, माथ्यावरच्या पॉइंटकडे चढताना लाकूडतोडीचा तो जुना रस्ता एकच होता, चुकायला वावच नव्हता. उतरताना तोच रस्ता एका ठिकाणी अचानक दोन झाला. दोन्ही खाली जाणारे, दोन्हींवर सारखंच गवत. तू रुंद दिसणारा धरलास, अडीच किलोमीटरवर तो झाडोऱ्यात संपला, परत चढून येईपर्यंत उजेड गेला आणि शेवटचे तीन किलोमीटर मोबाइलच्या उजेडात काढलेस. पण बाळा, चढतानाही ते रस्ते दोनच होते. दुसरा तिरका येऊन तुझ्या पाठीमागे मिळाला होता आणि तू पुढे बघत निघून गेलास. त्या जागी मागे वळून बघितलं असतंस तर तुला दोन्ही दिसले असते. मागे वळून बघ. या पत्रात माझं सांगणं हेच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

लाकूडतोडीचे हे जुने रस्ते चालणाऱ्यांसाठी कुणी काढलेले नाहीत. ओंडक्यांनी भरलेला ट्रक खाली उतरला पाहिजे, हा त्यांचा एकमेव हेतू. म्हणून चढ सौम्य, वळणं लांबलचक, एका अंगाला डोंगर कापलेला आणि दुसऱ्या अंगाला त्याच मातीचा भराव. पाय सहज पडतात, श्वास फुलत नाही, गप्पा रंगतात आणि नजर झोपते. खडी पाऊलवाट माणसाला जागं ठेवते, हा रस्ता ठेवत नाही. शिवाय मुख्य रस्त्याला तोडीच्या प्रत्येक पट्ट्याकडे जाणाऱ्या फांद्या फुटलेल्या असतात. त्या सगळ्या वर जात नाहीत. काही मुख्य रस्ता सोडून खाली उतरतात, ओंडके रचायच्या सपाटीपर्यंत जातात आणि तिथेच संपतात. अशी उतरती फांदी चढणाऱ्या माणसाच्या पाठीमागे पडते. ती दिसते फक्त उतरणाऱ्याला, आणि तोही तेव्हा थकलेला असतो. 'खाली जातोय म्हणजे घरी जातोय' हा हिशेब म्हणूनच या रस्त्यांवर चालत नाही. लोक याला चकवा लागला म्हणतात. मी म्हणते, मागे बघितलं नाही.

आपल्या भाषेत सिंहावलोकन असा शब्द आहे. सिंह थोडं अंतर चालतो, थांबतो आणि आलेल्या वाटेकडे वळून बघतो. आपण तो शब्द भाषणांत आणि वार्षिक अहवालांत खर्च करून टाकला. मला तो पायांसाठी हवा आहे.

आता कसं बघायचं ते नीट ऐक, कारण यातही लोक चुकतात. फाटा आला की फाट्यावरच उभं राहून मान वळवायची नाही. दहा-पंधरा पावलं पुढे जायचं, मग अख्खं अंग वळवायचं. उतरताना फाटा तुला तिथूनच दिसणार आहे. नंतर न बदलणारी एक गोष्ट शोधायची. कापलेल्या झाडाचा बुंधा, भेगाळलेला खडक, रस्त्याखालच्या मोरीचा गंजका पाइप, पाणी वाहून न्यायचा चर कोणत्या हाताला आहे ते. चिखल, सावली, बुटांचे ठसे यांवर भिस्त ठेवायची नाही, ते दुपारपर्यंत बदललेले असतात. झाडांना बांधलेल्या रंगीत फितींवर तर मुळीच नाही. तोडीच्या जंगलात त्या फिती बहुतेक वेळा तोडीची हद्द दाखवतात, तुझी वाट नव्हे. मग मोठ्याने म्हणायचं, 'येताना बुंधा उजवीकडे ठेवायचा.' मोठ्याने, मनात नाही. लाज वाटत असेल तर वाटू दे. आणि फोटो काढायचाच तर तिथे काढ, मागच्या दिशेने. तुझ्या पत्राबरोबर एकवीस फोटो आलेत, सगळे पुढचे.

जिथे फाटा नाही तिथेही काही जागी वळायला हवं. रान संपून उघडी सपाटी लागते तिथे तर हमखास, कारण परतताना त्या सपाटीतून रानात शिरायचं तोंड सापडत नाही. रस्ता वाहून गेलाय म्हणून ओढा ओलांडलास तर पलीकडच्या काठावर उभं राहून वळ. मोऱ्या तुंबतात, पाणी रस्त्यावरून वाहतं, भराव खचतो. रस्ता बांधताना भरावात ओंडके आणि फांद्या गाडलेल्या असल्या तर त्या काही दशकांनी कुजतात आणि वरून धडधाकट दिसणारी कड एकाएकी खाली बसते. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड राष्ट्रीय उद्यानाचा 1978 मध्ये विस्तार झाला. त्यानंतर तिथले असे कितीतरी जुने रस्ते मुद्दाम उखडून डोंगराला त्याचा मूळ उतार परत दिला, कारण खचलेले रस्ते ओढ्यांत गाळ ओतत होते. जुन्या नकाशावर रस्ता आहे म्हणून जमिनीवर तो असेलच असं नाही. जमिनीवर आहे तो नकाशावर नसणं, हे तर नेहमीचंच.

आणि पॉइंटवर पोहोचलास की पहिल्यांदा समोर बघू नकोस. हे मी गमतीने म्हणत नाही. दरी कुठे जात नाही. आधी तिच्याकडे पाठ कर आणि आपण झाडीतून नेमके कुठून बाहेर आलो ते बघ. मग खुशाल तासभर बस.

घड्याळ घेऊ का, असं तू विचारतोस, ते जीपीएसचं महागडं. घे. मी अडवणार नाही. पण ते तुझ्याऐवजी बघेल अशी आशा धरू नकोस. दाट झाडीत आणि अरुंद घळीत उपग्रहांचा संदेश खडकांवर आदळून वाकडातिकडा येतो आणि ठिपका तीस-चाळीस मीटर सरकतो. जिथे रस्त्याची दोन वळणं एकमेकांखाली तेवढ्याच अंतरावर आहेत तिथे तो तुला खालच्या रस्त्यावर उभा दाखवेल आणि तू शपथेवर सांगशील की मी बरोबर आहे. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते ते वेगळंच. नकाशा आधी उतरवून घे, कारण जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नसलं तरी पडद्यावरच्या नकाशाला लागतं. एवढं सगळं कर आणि तरी मागे वळून बघ.

वेळेबद्दल थोडक्यात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला. मीटरमध्ये सांगायचं तर दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. तुझा रस्ता एका बाजूने 9 किलोमीटर आणि चढ 700 मीटर, म्हणजे न थांबता तीन तास. तुला चार लागले, त्यात काही वाईट नाही. पण 'उतरताना निम्मा वेळ' हे तू कुठून आणलंस? इतक्या सौम्य उतारावर वेग फारसा वाढत नाही, आणि उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार पेलतात म्हणून ते आधी थकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना तू कळवळलास तो याचमुळे. डोंगरात सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच धारेमागे जातो. परत फिरायची वेळ निघतानाच ठरव आणि ती झाली की पॉइंट समोर दिसत असला तरी वळ.

मी हे एवढं दटावून का लिहितेय, ते आता सांगते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण अशाच एका रस्त्याने माथ्यावर गेलो. पानगळीचे दिवस होते. चढताना एका जागी ती थांबली, वळली आणि म्हणाली, 'जरा थांब, मला बघू दे.' मी म्हणाले, 'चल गं, वेळ जातोय.' ती चालू लागली. संध्याकाळी त्याच जागी आम्ही दोन रस्त्यांसमोर उभ्या होतो. तिला डावा वाटत होता. मी उजवा म्हणाले, आणि माझा आवाज मोठा होता. तीन किलोमीटरवर एका सपाटीत रस्ता संपला. पाऊस येऊन गेला होता, कपडे भिजलेले, वर वारा. थंडीने माणूस कोसळायला बर्फ लागत नाही. अंग ओलं आणि वारा असला की आठ-दहा अंशांतसुद्धा शरीर हरायला लागतं. पहाटेपर्यंत ती बोलताना अडखळत होती आणि मी तिचे हात माझ्या काखेत धरून बसले होते. उजाडल्यावर दिसलं की मुख्य रस्ता आमच्या डोक्यावरच्या उतारावर 200 मीटरसुद्धा दूर नव्हता. ती बरी झाली. माझ्याशी बोलतही राहिली. पण डोंगरावर पुन्हा माझ्याबरोबर आली नाही आणि मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

त्यानंतर मी ज्या-ज्या लोकांना घेऊन गेले त्यांना प्रत्येक फाट्यावर थांबवलं. काहींना ते आवडलं नाही. एका गटाने तर मला सांगितलं की तुमच्यामुळे सगळे रखडतात, यापुढे दुसरं कुणीतरी पुढे राहील. मी हिशेब करून दाखवला होता. त्या दिवशी अकरा फाटे लागले, प्रत्येकी पाऊण मिनिट, म्हणजे सगळे मिळून साधारण आठ मिनिटं. आठ मिनिटांत कोणाचं काय बुडतं? ते म्हणाले, प्रश्न मिनिटांचा नाही, लय तुटते. तुटू दे की! लय तुटावी म्हणूनच तर थांबायचं. माझं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. कदाचित मी तेव्हा ओरडून बोलले असेन, ते चुकलं असेल. थांबणं चुकलं नाही. इतक्या वर्षांत माझ्याबरोबरचा एकही माणूस फाट्यावर चुकला नाही, आणि हे मी तुला लिहून ठेवते कारण त्या गटाला मला हे सांगायला मिळालं नाही.

असो. तुझ्याबद्दल बोलत होते.

एकट्याने जाणं सोडू का, हा तुझा खरा प्रश्न होता आणि तो तू पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलास. सोडू नकोस. कुठे जातोस आणि किती वाजेपर्यंत परतशील ते एका माणसाला सांगून जा. डोक्याला लावायचा दिवा घे, मोबाइल फोन करण्यासाठी राहू दे. शिट्टी गळ्यात असू दे, मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा सहा. कोरडा एक थर पिशवीत ठेव. माथ्यावर खालच्यापेक्षा साधारण चार-साडेचार अंश कमी असतात, आणि वारा त्यात धरलेला नाही.

पण दुसऱ्या डोंगरावर इतक्यात जाऊ नकोस. आधी याच रस्त्याने परत जा, पॉइंटपर्यंत नाही, त्या फाट्यापर्यंतच. सकाळी जा, भरपूर उजेडात. त्याच्या पुढे पंधरा पावलं जा, वळ आणि बसून राहा, दोन्ही रस्ते डोळ्यांत मुरेपर्यंत. मग मला लिही, तिथे काय आहे ते. बुंधा आहे का, मोरी आहे का, चर कोणत्या हाताला आहे. तू चुकलास तो रस्ता रुंद का दिसला तेही लिही. माझा अंदाज आहे की तिथे ट्रक वळवायची जागा असणार, पण मी ती पाहिलेली नाही.

तुझी वाट बघते.