वह्यांचे ऑडिट, भिंतींचे ऑडिट

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत हिशेबांचे ऑडिट आणि इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट असे दोन विषय होते. वह्या आणि भिंती तपासण्याला एकच शब्द कसा? त्याचे मूळ काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लॅटिनमध्ये ‘ऑदिरे’ म्हणजे ऐकणे. ऑडिट त्याच धातूपासून आला असून ऑडिओ व ऑडिटोरियम हे त्याचे सगोत्र आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लिहितावाचता येणारे थोडेच असल्यामुळे जहागिरीचा कारभारी वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवी आणि धन्याने नेमलेला ऑडिटर तो ऐकून घेई, उलट प्रश्न विचारी आणि न पटलेली रक्कम अमान्य करून कारभाऱ्याच्याच नावे टाकी. पुढे हिशेब ऐकण्याऐवजी वाचून तपासले जाऊ लागले, तरी नाव तेच राहिले.

ऑडिटरने किती खोलात जावे, यावर 1896 मध्ये इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी म्हटले की, ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्याने मात्र काम करताना आढळलेला घोटाळा सरकारला कळवण्याचे बंधन त्याच्यावर घातले असून, माझ्या मते ते योग्यच आहे.

विसाव्या शतकात कोणत्याही पद्धतशीर, त्रयस्थ तपासणीला ऑडिट म्हणू लागले आणि शब्द इमारतीपर्यंत पोहोचला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे लागते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र सोशल ऑडिटमध्ये, म्हणजे लोकांनीच केलेल्या तपासणीत, सर्वांत स्पष्ट दिसतो : 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ते काम ग्रामसभेकडे सोपवले, आणि तिथे हजेरीपट व मजुरीच्या नोंदी गावासमोर वाचल्या जाऊन ज्याच्या नावावर मजुरी पडली तोच उठून ‘मी त्या दिवशी कामावर नव्हतो’ असे सांगू शकतो.

तुमच्या सभेतही अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर होऊ देऊ नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 82 प्रमाणे ऑडिटरने दाखवलेल्या त्रुटींचा दोषदुरुस्ती अहवाल संस्थेने तीन महिन्यांत द्यायचा असतो. गेल्या वर्षीचा तो अहवाल सभेत मागा आणि प्रत्येक त्रुटीपुढे काय उत्तर लिहिले आहे, ते मोठ्याने वाचून घ्या.