वाचकांचे प्रश्न : थर्मोस्टॅट चालू, पण संगणकावर गैरहजर

प्रश्न : गुहागरला समुद्रालगत आमचे २८ खोल्यांचे हॉटेल आहे. प्रत्येक खोलीत थंड पाण्यावर चालणारे फॅन कॉइल युनिट असून त्याचा थर्मोस्टॅट भिंतीवर आहे. सर्व थर्मोस्टॅट आरएस-४८५ (अनेक उपकरणे एकाच तारजोडीवर जोडण्याचे मानक) च्या दोन तारांच्या एकाच लाइनवर, मॉडबस पद्धतीने (संगणक एकेका उपकरणाला विचारतो आणि ते उत्तर देते), स्वागतकक्षातील संगणकाला जोडलेले आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून मागाहून बांधलेल्या बाजूच्या ९ खोल्या संध्याकाळनंतर पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसतात आणि सकाळी उशिरा आपोआप परत येतात. खोलीतील गारवा मात्र व्यवस्थित असतो. तंत्रज्ञ नऊही थर्मोस्टॅट बदलण्यास सांगतात. बदलावेत का?
— एक हॉटेलचालक, गुहागर

उत्तर : बदलू नयेत, निदान लाइन तपासल्याशिवाय तर नाहीच. खोलीचे तापमान नीट राखले जात असेल, तर थर्मोस्टॅटचा मुख्य भाग शाबूत आहे. त्यातील संदेशवहनाची चिप बिघडू शकते हे खरे. पण नऊ चिपा रोज संध्याकाळी एकदम बिघडाव्यात आणि सकाळी एकदम बऱ्या व्हाव्यात, हे पटण्यासारखे नाही. हा दोष बहुधा ओलाव्याने बिघडलेल्या जोडाचा आहे.

प्रथम या खोल्या एकाच वेळी जातात की एकामागून एक, हे पाहावे. एकाच वेळी जात असतील, तर जिथून नवीन बाजूची तार फुटते तो जोड संशयास्पद ठरतो. असे जोड बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगमध्ये, तांबे पिळून वर टेप गुंडाळून केलेले असतात. संध्याकाळी पाहुणे परतले की थंड पाण्याचा प्रवाह वाढतो, आवरण फाटलेल्या पाइपाला घाम फुटतो आणि ते पाणी नेमके त्या टेपवर ठिबकते. त्यात किनाऱ्यावरच्या मिठाची भर असते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा थर स्वतःच ओलावा शोषून द्रवरूप होतो आणि वीजवाहक बनतो, शिवाय तांब्यावर हिरवा गंज चढवतो. खोल्या एकेक करून जात असतील, तर प्रत्येक थर्मोस्टॅटमागचा डबा उघडावा. बाहेरची दमट हवा तारांच्या पाइपमधून त्या गार डब्यात शिरते आणि तिथे पाणी धरते. अशा पाइपाचे तोंड सीलंटने बुजवावे. त्या झुळकेमुळे थर्मोस्टॅट तापमानही चुकीचे दाखवतो, तोही त्रास कमी होईल.

मोजणी संध्याकाळी, दोष हजर असतानाच करावी. फॅन कॉइल युनिटचा पंखा २३० व्होल्टवर चालतो आणि अनेक थर्मोस्टॅटमध्येही तोच पुरवठा येतो, त्यामुळे आधी एमसीबी (वीजपुरवठा तोडणारे स्विच) पाडावेत आणि टेस्टरने खात्री करावी. संगणकाकडील कन्व्हर्टरही (ही लाइन संगणकाला जोडणारे उपकरण) बंद करावा. मग स्वागतकक्षाच्या टोकाला लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. दोन्ही समांतर धरले की ६० ओहम होतात आणि थर्मोस्टॅटांच्या स्वतःच्या भारामुळे आकडा थोडा खाली, ५० ते ६० च्या दरम्यान, येतो. १२० च्या आसपास आल्यास दूरचे टोक तुटले आहे किंवा तिथे रोधकच नाही. ४० च्या जवळपास आल्यास कोणीतरी तिसरा रोधक बसवला आहे. फांदी काढून वाढवलेल्या लाइनवर हे हमखास आढळते. फांदी काढणे चूकच, लाइन खोलीतून खोलीत लूपिंग करतच न्यायला हवी. पण ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) संथ वेगाला छोट्या फांदीचा फारसा त्रास होत नाही, म्हणून आधी जोड पाहावेत.

जोड सापडला की नुसता घासून पुन्हा टेप लावू नये. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापावी, हिरवेपणा आवरणाखाली दूरवर गेला असेल तर तेवढा तुकडा बदलावा. नवीन तार कथिलाचा मुलामा दिलेली आणि पिळाची घ्यावी, टोकांना फेरूल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची नळी) दाबावेत, रबरी गॅस्केटचा डबा वापरावा आणि तार त्यात खालून घालावी.

पडद्यावरील बाकीच्या खोल्यांचे आकडेही उशिरा बदलत असतील, तर घाबरू नये. उत्तर न देणाऱ्या प्रत्येक थर्मोस्टॅटसाठी संगणक थांबतो. एक सेकंदाची मुदत आणि तीन प्रयत्न असतील, तर नऊ खोल्यांपायी प्रत्येक फेरीत २७ सेकंद जातात.

प्रश्न : दोन इमारतींमध्ये अशीच लाइन न्यायची आहे. शील्ड (तारांभोवतीचे धातूचे कवच) दोन्हीकडे अर्थ करावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, एकाच टोकाला करावी. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असतो आणि दोन्हीकडे जोडल्यास शील्डमधून विद्युतप्रवाह वाहू लागतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसातील विजांमुळे हा फरक क्षणभर प्रचंड वाढतो. म्हणून मध्ये विलगीकरण असलेला रिपीटर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवून संदेश पुढे पाठवणारे उपकरण), आणि खर्च परवडत असेल तर ऑप्टिकल फायबरच वापरावी.