एकाच प्रश्नात अनेक संख्यांच्या चौकटी : आधी तपासणीचा निर्णय, मग ट्रिगर

स्टोरीलाइन या ई-लर्निंगचे धडे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील तयार संख्यात्मक प्रश्नात उत्तरासाठी एकच चौकट मिळते. आपल्याला मात्र एका स्लाइडवर चार चौकटी हव्या आहेत आणि निकालाच्या स्लाइडवर त्या चारही मिळून एकच प्रश्न मोजला जावा, अशी आपली अपेक्षा आहे. हे करता येते.

स्लाइडवर चार संख्या-चौकटी ठेवा. स्लाइडच्या दृश्य भागाबाहेर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन आकार काढा आणि स्लाइडचे रूपांतर ‘पिक वन’ (एकच पर्याय निवडा) या फ्रीफॉर्म, म्हणजे स्वतः काढलेल्या आकारांवरून बनणाऱ्या, प्रश्नात करून ‘बरोबर’ हा आकार योग्य पर्याय म्हणून नोंदवा. प्लेअरचे (धड्याभोवतीच्या चौकटीचे) सबमिट बटण काढून स्वतःचे ‘तपासा’ बटण ठेवा. त्यावरील ट्रिगर (बटण दाबताच होणाऱ्या क्रिया) वरून खाली याच क्रमाने हवेत : मोजणीचे चल (किंमत साठवणारी जागा) शून्य करणे, प्रत्येक चौकट अटीत बसल्यास त्यात एक मिळवणे, मोजणी चार झाल्यास ‘बरोबर’ आणि एरवी ‘चूक’ हा आकार निवडलेल्या स्थितीत नेणे, आणि सर्वांत शेवटी उत्तर सादर करणे. पहिली पायरी गाळली, तर दुसऱ्या प्रयत्नात जुनी मोजणी तशीच राहते आणि दोनच चौकटी बरोबर असलेल्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात.

रिकाम्या चौकटीकडे विशेष लक्ष द्या. संख्या-चलाची सुरुवातीची किंमत ० असते, त्यामुळे विद्यार्थ्याने शून्य लिहिले की काहीच लिहिले नाही, हे केवळ त्या चलावरून कळत नाही. ज्या चौकटीचे योग्य उत्तरच शून्य आहे, ती न भरताही बरोबर ठरते. माझ्या एका प्रश्नसंचात ही चूक बराच काळ कोणाच्याच लक्षात आली नव्हती. म्हणून अशा चौकटीसाठी मजकूर-चौकट वापरा आणि ती रिकामी नाही ही अट आधी तपासा. मात्र मग ‘०’ आणि ‘०.०’ ही दोन्ही रूपे स्वीकारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

दशांश उत्तरांत नेमकी एकच संख्या मागू नये. २०० भागिले ३ याचे उत्तर कोणी ६६.६७ लिहील, कोणी ६६.७. दोन दशांश स्थळे हवी असतील तर ते प्रश्नातच लिहावे आणि तपासताना ६६.६६५ ते ६६.६७५ अशी मर्यादा द्यावी. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेने फरक काढून तपासणार असाल, तर अधिक जपा. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो, त्यामुळे ०.४ वजा ०.३ याचे उत्तर तेथे ०.१०००००००००००००००३ येते. योग्य उत्तर ०.३ आणि मान्य फरक ०.१ असेल, तर ०.४ लिहिणारा विद्यार्थी विनाकारण चूक ठरतो. तेव्हा मान्य फरक किंचित वाढवून ठेवावा.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वाधिक वेळ देतो ती सांगतो : चौकटींचे परस्परसंबंध. वर्गसमीकरणाची मुळे २ आणि ३ असतील, तर ती कोणत्याही क्रमाने लिहिली तरी बरोबरच आहेत. प्रत्येक चौकटीत ‘२ किंवा ३’ चालेल असे ठरवले, तर २ आणि २ लिहिणाराही उत्तीर्ण होतो. त्याऐवजी दोन्ही संख्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६ आहे का, हे तपासावे. दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

दुसरा प्रकार साखळीचा. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि त्या वेगाने ३०० मीटर जायला २० सेकंद लागतात. पहिल्या चौकटीत चुकून १.५ लिहिणाऱ्याने दुसऱ्या चौकटीत २०० लिहिले, तर त्याची दुसरी पायरी त्याच्या पहिल्या उत्तराशी सुसंगत आहे. त्याला त्या पायरीचे गुण नाकारणे मला अन्यायाचे वाटते, कारण आपण एकाच चुकीची शिक्षा दोनदा देतो. म्हणून दुसरी चौकट ३०० भागिले विद्यार्थ्याचे स्वतःचे पहिले उत्तर या हिशेबाने तपासावी. ते पहिले उत्तर शून्य नाही याची अट मात्र आधी घालावी.

वरील रचनेची एक मोठी मर्यादा आहे. गुण सर्व किंवा काहीच नाही असे मिळतात, त्यामुळे साखळीतील एखाद्याच पायरीचे गुण त्यात देता येत नाहीत, आणि शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीकडे केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हा पर्याय जातो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या चार संख्या जात नाहीत. कोणती पायरी कोणाला अडते हे शिक्षकाला पाहायचे असेल, तर हा प्रश्न थेट मूडल या शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीतील ‘क्लोझ’ (एकाच मजकुरात अनेक उत्तर-चौकटी) प्रकारात करावा. तेथे प्रत्येक चौकटीला स्वतंत्र गुण, स्वतंत्र मान्य फरक आणि स्वतंत्र अभिप्राय देता येतो. साखळीची तपासणी मात्र ‘क्लोझ’मध्ये होत नाही, त्यासाठी मूडलला जोडता येणारा ‘स्टॅक’सारखा प्रश्नप्रकार घ्यावा लागतो. आपल्या चार चौकटी एकमेकींवर अवलंबून आहेत की स्वतंत्र, हे कळवलेत तर यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.